काकडीचा दंड

लीना, तुझ्या शोकसभेत तुझ्याबद्दल एकही वाकडा शब्द कोणी काढला नाही. तेव्हा ते काम आता मला करायचं आहे. तू वाईट वागलीस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज मऊ झाला तर त्याचा चुकीचा अर्थ काढू नकोस.

सभा डहाणूला झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये. ज्या संस्थेने तुला पहिल्यांदा इकडे आणलं तिनेच भरवली होती. व्यासपीठाच्या मागे भिंतभर फ्लेक्स, त्यावर तू हातात भाकरी धरून हसते आहेस. ती भाकरी बुधीची नव्हती, हे मी लांबूनही ओळखलं. बुधीची भाकरी इतकी गोल कधीच नसते. खाली मोठ्या अक्षरांत 'सातासमुद्रापलीकडून आलेली आपली लाडकी पाहुणी'. एक पुढारी बोलले. ते तुला कधी भेटले नव्हते आणि ते त्यांच्या भाषणाच्या फार पथ्यावर पडलं. फिनलंड नक्की कुठे आहे याची खात्री नसल्यामुळे त्यांनी सगळा वेळ 'दूरदेश' हाच शब्द वापरला. तुला त्यांनी ज्योत म्हटलं, गंगा म्हटलं आणि एकदा वटवृक्षही. मागच्या टेबलावर नाचणीच्या भाकरीचे बोटभर तुकडे, त्यांत काड्या टोचून आणि वर चटणीचा ठिपका देऊन मांडून ठेवले होते. पाटी होती, 'लीनाजींना प्रिय असलेला स्थानिक आहार'. तू असतीस तर त्यातली एक काडी काढून दात कोरले असतेस.

बुधी पहिल्या रांगेत होती. तिला तलासरीहून मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं, कारण ज्या घरी तू राहायचीस त्या घरची बाई समोर दिसायला हवी होती. तिला शाल दिली, नारळ दिला. तिने तो नारळ कानाशी धरून हलवून पाहिला, पाणी आहे का ते. आणि मग संस्थेचा तो तरुण समन्वयक माइकसमोर आला. त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे मला मान्य आहे. तुझ्या बहिणीने सभेसाठी पाठवलेला निरोप त्याने वाचून दाखवला आणि वर आपलं वाक्य जोडलं, "दोन वर्षं लीनाजी या आजाराशी झुंजत होत्या, पण त्यांनी आपल्याला कधी जाणवूसुद्धा दिलं नाही."

टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या! मी टाळी वाजवली नाही, कारण मलाही हे त्याच क्षणी कळत होतं.

टाळ्या थांबल्यावर बुधीचा आवाज आला. तिला माइक लागत नाही, तुला ठाऊकच आहे.

"दोन वरसं? म्हंजे मागच्या नव्याचे सणाला हिला ठाव होतं?"

"हो आजी," समन्वयक म्हणाला, "पण त्यांनी हसतमुखाने…"

"माझे घरात जेवली, माझे शेजारी निजली, न् मना नाय सांगितलं?"

बुधी उठली, शाल काढून खुर्चीवर ठेवली, नारळ मात्र घेतला आणि चालू लागली. मी तिच्यामागे निघाले. पाठीमागून पुढाऱ्यांनी तुझ्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली.

तू पहिल्यांदा आलीस ते आठवतं? मला आठवतं, कारण मी तेव्हा नुकतीच डहाणूच्या वाचनालयातून निवृत्त झाले होते आणि मला कोणीतरी असं सुचवलं की परदेशी स्वयंसेवकांना मराठी शिकवा, वेळ चांगला जाईल. वेळ चांगला जाण्यासाठी माझ्याकडे पुस्तकं होती. पण कुतूहल वाईट. संस्थेने तुमच्या हातात एक रंगीत पत्रक दिलं होतं. त्यात तुम्ही कोणाच्या उपयोगी पडणार हे एका ओळीत होतं आणि तुम्हाला काय काय मिळणार हे पानभर. चुलीवरच्या जेवणाचा अनुभव. ताडीचा अनुभव. तारप्याच्या नाचाचा अनुभव, आणि तोही भर पावसाळ्यात, जेव्हा पाड्यावर तारपा कोणी फुंकायला खाली काढतसुद्धा नाही. गरिबीचा अनुभव घ्यायला विमानाचं तिकीट लागतं, ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

बाकीचे आले, अनुभवले आणि गेले. तू साठी ओलांडलेली, आयुष्यभर लोकांचे आखडलेले हातपाय सोडवायचं काम केलेली बाई. लकव्याने एक बाजू गेलेली माणसं पाड्यापाड्यावर पडून असतात हे पाहिल्यावर तू पत्रक घडी करून ठेवलंस आणि कामाला लागलीस. म्हणून मी तुला मराठी शिकवली. ती तू माझ्याकडून शिकलीस कमी आणि बुधीकडून जास्त. डहाणूच्या बँकेत जाऊन तू कारकुनाला "मना नाय समजलं, परत सांग" म्हणालीस, तेव्हा त्याने तुझ्याकडे नाही, माझ्याकडे रागाने पाहिलं.

बुधीच्या घरात एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. एकच. ती पाहुण्यासाठी. एरवी ती उलटी करून खुंटीला टांगलेली असते. तलाठी आला, नर्स आली, मी आले की खाली उतरते. पहिले कित्येक दिवस तुला ती खुर्ची मिळाली. सगळे अंगणात शेणाने सारवलेल्या जमिनीवर पानावर जेवताहेत आणि तू वर खुर्चीत, मांडीवर स्टीलची ताटली, ताटलीत तुझ्यासाठी मुद्दाम केलेलं अंडं, हातात सीलबंद पाण्याची बाटली. राज्याभिषेक झाला आहे आणि राज्य कुठलं ते कळत नाही, असा तुझा चेहरा. तू मला विचारायचीस, "ही खुर्ची केव्हा जाणार?" मी म्हणायचे, जाणार नाही, वाचनालयाची पुस्तकं घेऊन पाड्यावर यायचे तेव्हापासून मला ती आहे. मी कधी हट्ट केला नाही. माझ्या गुडघ्यांचं आणि खुर्चीचं जमतं.

खाण्यात तू सगळ्यांना चकित केलंस. चिंचणीची सुकट आणि बोंबील चुलीत भाजले की संस्थेची बाकीची पोरं नाकाला रुमाल लावून करवंदीच्या जाळीपर्यंत पळायची. तू वास घेतलास आणि म्हणालीस, "माझ्या आजीच्या घराचा वास." तुमच्या किनाऱ्यावर मासे वाळवून थंडीभर खातात, तुमची रोटी काळी आणि आंबट असते, हे तू सांगितलंस तेव्हा बुधीला तुझा देश एकदम पटला. "मंग तिकडे पन आपल्यासारखीच मानसं हाय," ती म्हणाली. आणि जेव्हा कळलं की त्या देशात घाम यावा म्हणून वेगळी खोली बांधतात, तेव्हा ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. "इकडे ये, आम्ही फुकट देऊ घाम!"

तरी खुर्ची गेली नाही. ती गेली काकडीमुळे.

भात लोंब्यांवर आलं होतं, लवकर पिकणारं हळवं तर कापणीलाही आलं होतं. शेताच्या बांधावर बुधीने काकडीचे वेल सोडले होते. एक दिवस तू रोग्याकडून परत येताना वाटेत एक कोवळी काकडी तोडलीस, लुगड्यासारख्या त्या तुझ्या लांब ओढणीला पुसलीस आणि सगळ्यांसमोर कराकरा खात अंगणात आलीस. सगळ्यांनी आधी काकडीकडे पाहिलं, मग बुधीकडे. नवं झाल्याशिवाय, म्हणजे शेतातलं नवीन धान्य आणि काकडी देवाला आणि घरातल्या गेलेल्यांना आधी वाढल्याशिवाय, घरच्या माणसाने ते तोंडात घालायचं नसतं. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते कोणी कोणाला सांगत नाही. ते माहीत असतं.

बुधीचा दीर लखमा तिथेच बसला होता. पाड्यावरची देवाची कामं तोच करतो. तो समजूतदार माणूस. म्हणाला, "जाऊ दे. पाहुनी हाय ती. पाहुन्याला दोष नाय लागत." प्रकरण तिथेच मिटलं होतं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तुला भाषांतर करून सांगितलं की तुला माफ केलं.

आणि बुधी भडकली. तुझ्यावर नाही, लखमावर.

"पाहुनी कशी? माझे चुलीवर जेवते, माझे घरात निजते. पाहुनी कशी? घरचे मानसाने खाल्ली. दोष लागला. दंड लागेल."

"अगो, पर तिला काय ठाव…"

"तुझे पोराला तरी काय ठाव होतं? त्याला दंड केला का नाय?"

दंड ठरला, एक कोंबडी. तू लगेच, अगदी आनंदाने तलासरीच्या बाजारात गेलीस आणि दुकानातून एक पांढरीशुभ्र गुबगुबीत ब्रॉयलर घेऊन आलीस. बुधीने तिचे पाय पाहिले, तिला जमिनीवर ठेवलं. ती कोंबडी बसून राहिली. "ही देवाला नाय चालत," बुधी म्हणाली, "ही हाटेलाला चालते." मग तू परत जाऊन गावठी आणलीस. ती हातातून सुटली आणि तिच्यामागे अर्धा पाडा धावला. त्या संध्याकाळी घाईघाईने नवं झालं, आणि जेवायला बसताना मी पाहिलं की लाल खुर्ची माझ्यासाठी मांडली होती आणि तू खाली, बुधीशेजारी, पानावर होतीस.

मला नाक्यापर्यंत सोडायला आलीस तेव्हा तू म्हणालीस की आयुष्यात इतकं छान कोणी तुला अपराधी ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, आमच्याकडे घरच्या माणसाची ओळख तीच. पाहुण्याचं सगळं गोड लागतं, घरच्यालाच बोल लागतो. तू ते वहीत लिहून घ्यायला निघालीस, मी वही हिसकावली. तेव्हापासून तू दर वर्षी पावसाच्या आगेमागे यायचीस आणि होळी झाली की जायचीस, आणि पाड्यावरचं कोणीही तुला काहीही बोलायचं. तुझी भाकरी थापायची पद्धत, तुझं पाण्यात फार वेळ पाय सोडून बसणं, तुझं ताडी पिऊन लवकर झोपणं, सगळ्याला नावं ठेवली गेली. तू खूश होतीस.

म्हणून मला कळत नाही, लीना. एवढं मिळवल्यावर तू ते टाकलंस कसं?

आपलं भांडण तुला आठवत असेल. आपण घोलवडच्या चिकूच्या वाडीत बसलो होतो, आणि तू म्हणालीस की आपलं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, ही तुमच्याकडची सभ्यता. मी म्हणाले, ही सभ्यता नाही, ही कंजुषी आहे. दुखणं कोणाला सांगायचं हे ज्याला ठरवता येतं तो माणूस श्रीमंत असतो. आमच्या पाड्यावर कोणी खोकला तरी तीन घरांत काढा उकळतो. तू म्हणालीस, मला कोणावर ओझं व्हायचं नाही. मी म्हणाले, मग इकडे लोकांचे हातपाय कशाला उचलतेस, त्यांची ओझी तुला चालतात आणि तुझं त्यांना दिलेलं चालत नाही, हा कुठला हिशेब? तू चिकू खात राहिलीस. म्हणालीस, "याचं उत्तर पुढच्या वेळी देते." आता मला कळतं की तू तेव्हा ते ओझं खिशात घेऊनच बसली होतीस.

मागच्या नव्याला तू अर्धी भाकरी ठेवलीस. बुधी म्हणाली, "भाकर सोडतेस? काय झालं?" तू म्हणालीस, "पोट भरलं." तिच्या डोळ्यांत पाहून सरळ खोटं बोललीस. हसतमुखाने, तो मुलगा म्हणाला तसं. होळीनंतर जाताना म्हणालीस, "काकड्या लागायच्या आत येते." हेही खोटं. श्रावणात तू गेल्याचा तुझ्या बहिणीचा दोन ओळींचा निरोप आला, आणि मी चपला घालून बुधीकडे गेले तेव्हा ती तुझ्यासाठी गोधडी उन्हात घालत होती.

वाईट बातमी पाहुण्यापासून लपवतात, लीना. पाहुण्यासमोर हसतात, पाहुण्याला ताट भरून देतात आणि आत जाऊन रडतात. तू खुर्ची सोडून खाली बसलीस आणि मग गुपचूप आम्हा सगळ्यांना त्या खुर्चीवर नेऊन बसवलंस.

सभेनंतर बुधीला सोडायला निघालेल्या जीपमध्ये मीही बसले. तलासरीचा नाका आल्यावर ती म्हणाली, "लखमा बरोबर बोलला होता. पाहुनीच होती ती."

"असं नको म्हणू गं."

"मंग काय म्हनू? घरची असती तर सांगितलं असतं. मी काय केलं असतं? रडली असती. रडू दिलं असतं तर काय गेलं असतं तिचं?"

"नव्याला तिचं पान मांडणार ना?" मी विचारलं. नव्याच्या दिवशी घरातल्या गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने एक पान वाढतात. तुझं पान नसणार ही कल्पना मला सहन होत नव्हती, आणि मी देवधर्म मानणारी बाई नाही हे तू जाणतेसच.

"पाहुन्याचं पान नाय मांडत," बुधी म्हणाली आणि नारळ सांभाळत उतरून गेली.

मी घरी आले आणि पुष्कळ दिवस कोणाशी धड बोलले नाही. तुझ्यावर राग, बुधीवर राग, फ्लेक्सवर राग. त्यातच समन्वयकाचा फोन आला की पाड्यावर तुमच्या परंपरेनुसार लीनाजींसाठी काही विधी होणार असेल तर कळवा, वार्षिक अहवालासाठी दोन-तीन छायाचित्रं हवी आहेत. मी विचार करून कळवते म्हणाले. सौजन्य माणसाला कुठे नेतं पाहा.

मग लखमाचा फोन आला.

"बाय, परवा नवं हाय. येताना कोंबडी आन."

"कोंबडी कशाला?"

"लीनाबायचा दंड. बुधी म्हनते, न सांगता गेली. घरचे मानसाने असा नाय जायचा."

"अरे लखमा, मेलेल्या माणसाला दंड?"

"मंग काय पाहुन्याला करू?" तो म्हणाला, आणि पलीकडून बुधीचा आवाज आला, "गावठी आन म्हनाव! त्या पांढरीसारखी नको!"

मी फोन ठेवला आणि वाचनालयात इतकी वर्षं कोणाला करू दिला नाही इतका आवाज करून रडले. मग समन्वयकाला कळवलं की घरगुती कार्य आहे, पाहुण्यांना प्रवेश नाही.

तुझी कोंबडी मी डहाणूहून एसटीने नेली, पिशवीतून तिची मान बाहेर. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, पाहुणचाराला का?" मी म्हणाले, "दंडाला." तो म्हणाला, "तुमचा गुन्हा काय?" मी म्हणाले, "माझा नाही, मैत्रिणीचा आहे." "मैत्रीण कुठाय मग?" कोंबडीने त्याच्या बोटाला टोच मारली आणि संभाषण संपलं.

बुधीने कोंबडीचे पाय पाहिले, जमिनीवर ठेवून चालवून पाहिली आणि मान हलवली. पास. हळव्या भाताचे नवे तांदूळ शिजले होते, काकड्या चिरल्या होत्या. लखमाने पानं मांडली, प्रत्येकावर भात, काकडी, ताडीचे थेंब, आणि एकेकाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. शेवटच्या पानाशी तो अडला. तुझ्या वडिलांचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

"बुधीची लीना, असा म्हन," बुधी म्हणाली.

तो तसं म्हणाला. मग बुधी तुझ्या पानासमोर उकिडवी बसली आणि तिने तुला जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही. शोकसभेत कोणी काढला नव्हता तो प्रत्येक शब्द त्यात होता. शेवटी तुझ्या पानावर आणखी एक काकडीची फोड ठेवून म्हणाली, "खा आथां. झाला दंड."

सगळे जेवायला बसू लागले. मी खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. अंगणातही खुर्ची दिसेना.

"बुधी, खुर्ची कुठाय?"

"दिली शेजारी. तेंचेकडे पाहुने आलेत."

"मग मी कुठे बसू?"

"खाली."

"अगं, माझे गुडघे. बसले तर उठता येणार नाही मला."

"न सांगता बसू नको," बुधी म्हणाली. "उठताना हाक मार. उठवू."

मी बसले, तुझ्या पानाच्या शेजारी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जेवण झाल्यावर हाक मारली. उजव्या बाजूने बुधीने हात दिला. डाव्या बाजूला कोणी नव्हतं, लीना, आणि आखडलेले सांधे कसे उठवायचे हे आपल्या सगळ्यांत फक्त तुला येत होतं. माझा राग तिथे आहे. तो अजून गेलेला नाही, आणि तो घालवायचा माझा विचारही नाही.